ऐकणाऱ्याला गुरू कुणी केलं?

1696 च्या मे महिन्यात अ‍ॅमस्टरडॅममध्ये एक लिलाव झाला. योहानेस व्हर्मीर या डेल्फ्टच्या चित्रकाराची एकवीस चित्रं त्यात विकायला होती. त्यांतल्या एका चित्राबद्दल यादीत एवढंच लिहिलं होतं: दालनात क्लाव्हेसिन (पट्ट्यांचं तारवाद्य) वाजवणारी तरुणी आणि ऐकणारा गृहस्थ. चित्र 80 गिल्डरना, म्हणजे त्या वेळच्या डच नाण्यांत, गेलं. आज ते ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे आणि जगभरच्या पुस्तकांत, पोस्टरांवर, कॅलेंडरांवर ‘संगीताचा पाठ’ या नावानं छापलं जातं. लिलावाच्या यादीत पाठाचा उल्लेखही नव्हता. चित्रकाराला जाऊन तेव्हा एकवीस वर्षं झाली होती. त्याच देशातल्या, जवळपास त्याच पिढीतल्या माणसाला चित्रात दिसलं ते असं: बाई वाजवते आहे, पुरुष ऐकतो आहे. नंतरच्या काळात ऐकणारा शिकवू लागला आणि वाजवणारी शिकू लागली. चित्रातला एक ठिपकाही त्यासाठी हलला नाही.

मला हा बदल मोठा वाटतो. सतराव्या शतकातल्या डच चित्रांमध्ये वाद्य हाती घेतलेल्या स्त्रिया जागोजागी दिसतात, आणि त्यांच्याबद्दल आपण गेली दीडदोनशे वर्षं जे बोलत आलो, त्याचा सारा कल याच दिशेचा आहे. ती प्रेमात आहे, ती वाट पाहते आहे, ती मोहात पडणार आहे, ती शिकते आहे. ती वाजवते आहे आणि तिला वाजवता येतं, ही साधी गोष्ट सगळ्यात शेवटी येते, पुष्कळदा येतच नाही. माझं म्हणणं असं की संग्रहालयांनी आणि कलेवर लिहिणाऱ्यांनी आता ही गोष्ट आधी सांगितली पाहिजे. ती चित्रं वाचायची ती पद्धत बदलायला हवी, कारण तिनं चित्रातल्या बाईवर अन्याय होतो आणि त्या काळात प्रत्यक्ष संगीत करणाऱ्या बायका नजरेआड होतात.

आधी चित्रच नीट पाहू. खोलीच्या अगदी टोकाला, आपल्याकडे पाठ करून ती उभी आहे. समोर व्हर्जिनल. हे हार्पसिकॉर्डच्या कुळातलं पेटीसारखं वाद्य. पट्टी दाबली की आतली लाकडी काडी वर उचलली जाते आणि तिच्यात बसवलेली पिसाची टोकदार कणी तार छेडते. हातोडीनं तार ठोकणाऱ्या पियानोपेक्षा याचा स्वर बारीक, लख्ख आणि लवकर विरणारा. बोट जोरात दाबून आवाज मोठा होत नाही, त्यामुळे भाव आणायचा तो लयीतून आणि स्वरांमधल्या सोडलेल्या जागांमधून. सोपं काम नाही ते. चित्रातलं वाद्य अँटवर्पच्या रुकर्स घराण्याच्या घडणीचं दिसतं, आणि त्याच्या झाकणावर लॅटिनमध्ये लिहिलं आहे: संगीत ही आनंदाची सोबतीण, दुःखावरचं औषध. वर भिंतीवर आरसा आहे. पाठीकडून पाहिलं तर तिचं डोकं सरळ वाटतं, पण आरशातला चेहरा किंचित त्या पुरुषाकडे वळलेला आहे. मागे जमिनीवर एक व्हायोला द गाम्बा, म्हणजे गजानं वाजवायचं मोठं तारवाद्य, पडली आहे, वाजवणारं कुणी नाही. उजव्या भिंतीवर अर्धवट दिसणारं चित्र आहे ते तुरुंगातल्या उपाशी बापाला अंगावर पाजणाऱ्या मुलीचं. त्या काळी हा विषय पितृभक्तीचा नमुना म्हणून फार लोकप्रिय होता.

म्हणजे या खोलीत एका बाजूला बापासाठी झिजणारी मुलगी, दुसऱ्या बाजूला पुरुषाकडे वळलेला आरशातला चेहरा, आणि मधे ती, जिचे हात आपल्याला दिसतच नाहीत. तिची पाठ हात झाकते. वाजवणारीचं चित्र काढायचं आणि हात दाखवायचे नाहीत, हा चित्रकाराचा निर्णय आहे. मी याला खोट म्हणत नाही, त्यातूनच या चित्राची विलक्षण ओढ तयार होते. पण पुढच्या प्रेक्षकांनी त्या रिकाम्या जागेत काय भरलं, हे त्यांना विचारायलाच हवं.

कोणतं वाद्य कुणाच्या हाती शोभतं, याचे नियम या चित्रांच्या आधीपासून पक्के होते. इटलीत 1528 मध्ये छापलेल्या ‘दरबारी’ या ग्रंथात बाल्दासारे कास्तिल्योनेनं स्पष्ट म्हटलं की बाईनं ढोल, बासरी, तुतारी अशी वाद्यं वाजवू नयेत, कारण त्यांचा कर्कशपणा तिचा मूळचा गोडवा झाकून टाकतो. त्याहून जुनी कथा ग्रीकांची: अथेना देवीनं फुंकवाद्य फेकून दिलं, कारण वाजवताना गाल फुगून चेहरा विद्रूप दिसत होता. संगीत कसं आहे यापेक्षा वाजवताना बाई कशी दिसते, हा निकष तिथपासून चालत आला. डच चित्रांत तो ओळीनं दिसतो. व्हर्जिनल, आणि ल्यूट, सिटर्न, गिटार ही तारा छेडायची वाद्यं स्त्रियांकडे. बासरी आणि व्हायोलिन बहुतेक वेळा पुरुषांकडे. उट्रेख्टच्या चित्रकारांनी 1620 च्या सुमाराला बासरीवाल्या तरुणांची जी चित्रं काढली, त्यांत गाल फुगलेले आहेत, ओठ आवळलेले आहेत, बोटं छिद्रांवर नेमकी बसली आहेत. पुरुषाचा चेहरा कामात गुंतलेला रंगवायला कुणाला काही वावगं वाटलं नाही.

दोन गुडघ्यांमध्ये धरायच्या व्हायोला द गाम्बाचंही तसंच. व्हर्मीरच्या चित्रांत ती सहसा जमिनीवर आडवी असते किंवा कडेला टेकवलेली असते, आणि समीक्षक लगेच सांगतात की ही अनुपस्थित पुरुषाची जागा आहे. पण बर्लिनमधल्या गेरार्ड टेर बोर्खच्या एका चित्रात एक बाई तेच वाद्य घेऊन बसली आहे. आपल्याकडे पाठ, मानेवर प्रकाश, हातात गज. म्हणजे असं घडत होतं. नियम होता आणि नियमाबाहेरचं जगणंही होतं, आणि चित्रकारांना दोन्ही ठाऊक होतं.

इथे थोडं बाजूला जाऊन कारावाज्जो या इटालियन चित्रकाराची आठवण काढतो. त्याचा सेंट पीटर्सबर्गला असलेला ल्यूटवादक हा तरुण मुलगा आहे. पण 1672 मध्ये चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या बेल्लोरीनं त्याचं वर्णन ल्यूट वाजवणारी बाई असं केलं. कोवळा चेहरा आणि हातात ल्यूट, एवढ्यावर त्याचं मन तिकडे गेलं असावं. याच चित्रात समोरच्या वहीतले स्वर वाचता येतात. ते आर्काडेल्ट या संगीतकाराच्या माद्रिगालांचे, म्हणजे अनेक आवाजांत गायच्या गीतांचे, आहेत हे अभ्यासकांनी ओळखलं, आणि आज ते गाऊन ऐकवता येतात. व्हर्मीरच्या वाजवणाऱ्या बायकांपुढच्या कागदांवरचे स्वर असे ओळखू येत नाहीत. रेघा आहेत, ठिपके आहेत, संगीत हाती लागत नाही. दोघांच्या रंगवण्याच्या रीती वेगळ्या, हे मान्य. पण परिणाम असा झाला की त्या मुलानं काय वाजवलं ते आपण ऐकू शकतो, आणि या बायकांनी काय वाजवलं ते कुणालाच सांगता येत नाही. मग त्यांच्या मनात काय चाललं असेल, यावरच सगळे लिहीत बसतात.

लंडनच्या नॅशनल गॅलरीत व्हर्मीरची दोन लहान चित्रं आहेत. 1670 च्या आसपासची. एकीत तरुणी व्हर्जिनलपाशी उभी आहे, दुसरीत बसली आहे. दोघींचे हात पट्ट्यांवर, दोघी आपल्याकडे पाहतात. उभी असलेलीच्या मागे भिंतीवर कामदेवाचं चित्र. त्यानं हातातलं पत्त्याचं पान वर धरलं आहे, आणि त्याचा अर्थ एकनिष्ठ प्रेम असा लावतात. बसलेलीच्या मागे डिर्क व्हान बाब्युरेनचं 1622 चं चित्र आहे. त्यात ल्यूट वाजवणारी एक वेश्या, नाणं पुढे करणारा गिऱ्हाईक, आणि हात पुढे करून पैसे मागणारी म्हातारी कुंटीण. त्यावरून उभी ती सच्छील आणि बसलेली ती विकत मिळणारी, असं सांगणारं लेखन भरपूर आहे. अलीकडचे अभ्यासक एवढं सरळ बोलत नाहीत, पण मांडणी शिल्लक आहे.

मला या मांडणीतली एकच गोष्ट खटकते, आणि ती फार खटकते. दोघी एकच काम करत आहेत. पोशाखाची श्रीमंती सारखी, खोली तशीच, वाद्य तसंच, हातांची ठेवणही जवळपास तशीच. त्यांच्या चारित्र्याचा निकाल लागतो तो मागच्या भिंतीवर काय टांगलंय त्यावर. बाईनं काय केलं ते महत्त्वाचं नाही, तिच्या मागे कुठलं चित्र आहे ते महत्त्वाचं. आणि बाब्युरेनच्या त्या चित्रात तरी काय आहे? पैसे मोजणारा पुरुष हसतो आहे, आणि वाजवतेय ती एकटी बाई. त्या खोलीत कष्टाचं काम करणारी तीच.

बाब्युरेनचं ते चित्र व्हर्मीरच्या सासूच्या, मारिया थिन्सच्या मालकीचं होतं. या घराबद्दल कागदपत्रं बोलतात. मारियानं नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून 1641 मध्ये त्याच्यापासून कायदेशीर फारकत घेतली. तिच्या मुलानं, विलेमनं, पुढे आपल्या गरोदर बहिणीवर, म्हणजे व्हर्मीरच्या बायकोवर, टोकाला खिळा लावलेली काठी घेऊन हल्ला केला. घरातली मोलकरीण तान्नेके एव्हरपूल मधे पडली, आणि तिची साक्ष नोंदलेली आहे. व्हर्मीरच्या बायकोचं नाव कॅथरिना बोल्नेस. तिला पंधरा मुलं झाली, नवरा गेला तेव्हा त्यांतली अकरा जिवंत होती. 1676 मध्ये त्या घरातल्या सामानाची जी यादी झाली तिच्यात एकही वाद्य नाही. त्याच वर्षी कॅथरिनानं हेन्ड्रिक व्हान बाउटेन या पाववाल्याला 617 गिल्डरच्या उधारीपोटी नवऱ्याची दोन चित्रं दिली. त्यांतल्या एकात तारवाद्य वाजवणारी व्यक्ती होती. ती आज लंडनच्या केनवुड हाउसमधली ‘गिटारवादिनी’ असावी असं मानतात.

म्हणजे चित्रातली मुलगी गिटार वाजवते आणि ते चित्र प्रत्यक्षातल्या बाईनं पावाच्या उधारीत दिलं. या दोन बायकांमधलं अंतर कुठल्याही भित्तिफलकावर मी पाहिलेलं नाही. व्हर्मीरच्या खोल्या शांत आहेत, असं आपण म्हणतो. ती शांतता त्याच्या घरातून आलेली नाही. ती घडवलेली आहे, आणि ती विकत घेऊ शकणाऱ्या लोकांच्या पसंतीनं घडवलेली आहे. घरातल्या बाईनं कसं असावं, याचं त्या वर्गाचं स्वप्न तिच्यात आहे: निवांत, नेटकी, हातात वाद्य, तोंड बंद.

आता विरोधी बाजू. ती हलक्यानं घेण्यासारखी नाही, कारण ती मांडणारे या चित्रांना मनापासून जाणतात. ते म्हणतात, ही चित्रं म्हणजे संगीतजीवनाची नोंदवही नव्हे. त्या काळचा डच प्रेक्षक प्रतिमांच्या संकेतांवर वाढलेला होता. याकोब कात्स या डच कवीच्या बोधचित्रांच्या पुस्तकात एक माणूस ल्यूट लावतो आहे आणि टेबलावर पडलेली दुसरी ल्यूट आपोआप झंकारते. अर्थ असा की प्रेमाला प्रेम जागं होतं. असं वाचन डोक्यात असलेल्या माणसाला व्हर्जिनलजवळ पडलेलं दुसरं वाद्य दिसलं की त्याला तोच अर्थ लागणार. मग तुम्ही तिथे आजचं कसब आणि श्रम का शोधता?

संकेत होते, यात वाद नाही. पण संकेत आभाळातून पडत नाहीत. बाईच्या हातातलं वाद्य प्रेमाचं चिन्ह होतं, तर मग पुरुषाच्या हातातलं कशाचं होतं? नॅशनल गॅलरीतच यान स्टेनचं एक चित्र आहे. बाई हार्पसिकॉर्ड वाजवते, तरुण वाद्यावर रेलून पाहतो, मागून एक पोऱ्या थिऑर्बो (लांब मानेची मोठी ल्यूट) घेऊन येतो, म्हणजे थोड्याच वेळात साहेबही वाजवणार. हार्पसिकॉर्डच्या झाकणावर लॅटिन वाक्य आहे: कृतीवरून पुरुषाची पारख होते. वाजवतेय ती. पारख त्याची. हा संकेतच आहे, आणि तो संकेत समजावून सांगताना तो कुणाच्या बाजूनं झुकला आहे हे सांगायचं सोडून दिलं, तर ते अर्धंच स्पष्टीकरण झालं. चित्रकार असं का विचार करत होता हे सांगणं हे अभ्यासकाचं काम आहे. त्याचा विचार आपण आपला म्हणून पुढे चालवणं हे नाही.

दुसरा आक्षेप अधिक ऐकू येतो: स्त्रीपुरुष समतेचे आजचे प्रश्न सतराव्या शतकावर लादू नका. पण ते प्रश्न सतराव्या शतकातच विचारले जात होते. उट्रेख्टला 1636 मध्ये विद्यापीठ सुरू झालं तेव्हा अ‍ॅना मारिया व्हान शुर्मननं त्याच्या गौरवाची लॅटिन कविता लिहिली आणि त्यातच विचारलं की इथे बायकांना प्रवेश का नाही. तिला व्याख्यानं ऐकायची परवानगी मिळाली ती पडद्याआड बसून. पाच वर्षांनी तिनं स्त्रीशिक्षणाच्या बाजूनं लॅटिनमध्ये प्रबंध छापला. शिकवणारा पुरुष आणि शिकणारी बाई ही जोडी तर सत्ताधाऱ्यांनाही धास्तीची वाटत होती. 1686 मध्ये पोप अकराव्या इनोसंटनं फर्मान काढलं की कुमारी, विवाहिता, विधवा, कुठल्याही बाईनं पुरुष शिक्षकाकडून गाणं-वाजवणं शिकू नये, कारण संगीतानं तिची लाज जाते. मनाई काढावी लागते ती लोक ते करत असतात म्हणूनच.

आणि त्या करत होत्या. अँटवर्पला दुआर्ते नावाचं घराणं होतं, मूळचं पोर्तुगीज ज्यू, ख्रिस्ती झालेलं, जवाहिऱ्यांचं. त्या शतकात युरोपच्या बाजारात येणारे हिरे बहुतांश हिंदुस्थानातले होते, त्यामुळे या घराच्या वैभवाचं एक मूळ आपल्याकडच्या खाणींत आहे. या घरात संगीत हा रोजचा व्यवहार होता. राजकारणी आणि कवी कॉन्स्टंटाइन हायगेन्स, जो स्वतः ल्यूट, थिऑर्बो, गिटार वाजवायचा, त्याचा या घराशी पत्रव्यवहार होता. त्यानं आपल्या गीतांचा संग्रह 1647 मध्ये छापला तो उट्रिशिया ओगल या गायिकेला अर्पण करून. आणि दुआर्ते घरातली लिओनोरा, 1610 ची जन्मलेली, तिनं पाच व्हायोलांसाठी सात सिन्फोनिया, म्हणजे छोट्या वाद्यरचना, रचल्या. व्हायोल, म्हणजे त्या व्हायोला द गाम्बाचंच कुळ, जी व्हर्मीरच्या खोल्यांत जमिनीवर पडलेली असते आणि जिला आपण अनुपस्थित पुरुष म्हणतो. लिओनोराच्या रचनांचं हस्तलिखित ऑक्सफर्डला जपलेलं आहे. तिचा भाऊ दिएगो चित्रं जमवायचा. 1682 च्या त्याच्या यादीत व्हर्मीरचं एक चित्र आहे: वाद्य वाजवणारी तरुणी, किंमत 150 गिल्डर. बहीण चार वर्षांपूर्वी वारली होती. ज्या कुटुंबात एका बाईनं पाच स्वरांची वीण स्वतः बांधली, त्याच कुटुंबाच्या भिंतीवर निनावी वाजवणारी होती. आज तिच्यावर ग्रंथ आहेत. लिओनोराचं नाव चित्रकलेच्या किती वाचकांना ठाऊक आहे?

व्हेनिसच्या बार्बरा स्ट्रोझ्झीची गोष्ट याहून बोचरी आहे. तिनं 1644 ते 1664 या वीस वर्षांत आपल्या रचनांचे आठ संग्रह छापले. त्या काळी इतकं छापून आणणारे पुरुषही थोडे होते. पण ड्रेस्डेनमध्ये बेर्नार्दो स्ट्रोझ्झीनं काढलेलं एका व्हायोला द गाम्बा वादिनीचं चित्र आहे. एक स्तन उघडा, हातात गज, समोर स्वरलिपी. ती बार्बराच असावी असं मानतात. आणि त्या एका चित्राच्या आधारानं ती गणिका होती की नव्हती, यावर विद्वानांनी वर्षानुवर्षं वाद घातला. आठ संग्रह एका बाजूला, उघडा खांदा दुसऱ्या बाजूला, आणि पारडं चित्राकडे झुकलं.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. घरंदाज मुलीनं पेटीवर दोन पदं म्हणावीत ती पाहायला आलेल्या मंडळींपुढे, आणि लग्नानंतर पेटीवर कापड पडावं. बैठकीत गावं ते कलावंतिणीनं, आणि तिचं गाणं कितीही मोठं असलं तरी तिच्या नावाआधी तिची जात आणि तिचा यजमान बोलला जावा, हे महाराष्ट्रानं आणि गोव्यानं पिढ्यान्‌पिढ्या केलं. केसरबाई केरकरांच्या आणि मोगूबाई कुर्डीकरांच्या गाण्याला मान मिळाला तो या दोन कप्प्यांशी झगडून. म्हणून नॅशनल गॅलरीतल्या त्या उभ्या आणि बसलेल्या तरुणींपुढे मराठी वाचक उभा राहिला तर भिंतीवरच्या कामदेवाची आणि कुंटणीची विभागणी त्याला शब्दाविना कळेल.

एका बाईनं मात्र ही चित्रं आतून केली. युडिथ लायस्टर, हार्लेम, 1609 ते 1660. 1633 मध्ये ती चित्रकारांच्या सेंट ल्यूक संघाची सभासद झाली. तिची संगीताची चित्रं पाहावीत. एकात मधे गाणारी बाई, हातात गीतांची वही, दोन बाजूंना व्हायोलिन आणि ल्यूट घेतलेले पुरुष. गाणारी ऐकू येते असं वाटावं इतकं तोंड उघडं, नजर वर, आणि कुणी तिला न्याहाळत नाही. तिघंही ताल सांभाळण्यात गुंतले आहेत. सोबत वाजवणाऱ्या माणसांमध्ये जे असतं ते नेमकं इथे आहे. वॉशिंग्टनमधलं तिचं आत्मचित्र प्रसिद्ध आहे: खुर्चीवर मागे रेललेली, हातात कुंचल्यांचा जुडगा, आपल्याकडे वळून बोलायच्या बेतात, आणि घोडीवरच्या कॅनव्हासवर व्हायोलिन वाजवणारा हसरा गडी. अवरक्त किरणांनी तपासलं तेव्हा त्या गड्याखाली आधी रंगवलेला तरुण स्त्रीचा चेहरा सापडला. घोडीवर आधी तिचं स्वतःचंच रूप असावं. तिनं ते झाकलं आणि वादक काढला. तसली आनंदी वादकांची चित्रं खपत होती, आणि आपण काय विकतो हे तिला दाखवायचं असावं. चित्रकार म्हणून बाजारात उभं राहायचं तर बाईला वाजवणारा पुरुष दाखवावा लागला, असं मी त्याकडे पाहतो.

1636 मध्ये तिनं यान मिन्से मोलनार या चित्रकाराशी लग्न केलं, आणि त्यानंतर तिच्या हातचं फार थोडं उरलं आहे. मृत्यूनंतर तिचं नावच गेलं. तिची चित्रं फ्रान्स हाल्स या हार्लेमच्याच नामवंत चित्रकाराची म्हणून विकली जात होती. लूव्हरमधल्या तिच्या एका चित्रावर हाल्सची समजून मोठी रक्कम मोजली गेली, पुढे त्यावर तिची मोनोग्राम सही उघड झाली, तक्रार झाली आणि किंमत खाली आली. चित्र तेच होतं. 1893 मध्ये कलेचा इतिहासकार हॉफस्टेडे डे ग्रूटनं तिच्यावर लेख लिहिला तेव्हा दोनशेहून अधिक वर्षांनी ती पुन्हा चित्रकार ठरली.

हे सगळं म्हणताना व्हर्मीरविषयीचं माझं प्रेम कमी होत नाही. केनवुडमधली ती गिटारवादिनी मला त्याच्या सगळ्या संगीतचित्रांत जवळची वाटते. खोलीत पुरुष नाही, कुणाची खुर्ची रिकामी नाही. ती चित्राच्या एका बाजूला सरकून बसली आहे, मान वळवून बाहेर कुणाकडे तरी हसते आहे, आणि तिच्या गिटारीच्या काही तारा त्यानं मुद्दाम अस्पष्ट काढल्या आहेत, कारण त्या अजून हलताहेत. स्वर आत्ताच छेडला गेला आहे. गिटार त्या वेळी नवी, उघड्या आवाजाची, ल्यूटपेक्षा धीट. त्यानं हे पाहिलं होतं, त्याला हे दिसत होतं. थरथरणारी तार रंगवू शकणाऱ्या चित्रकाराच्या चित्रांकडे आपण ‘ती कुणाची वाट पाहते आहे’ एवढाच प्रश्न घेऊन जातो, ही त्याच्यावरही केलेली कुरघोडी आहे.

लंडनच्या नॅशनल गॅलरीनं 2013 मध्ये व्हर्मीर आणि संगीत या विषयावर मोठं प्रदर्शन भरवलं. चित्रांशेजारी त्या काळची वाद्यं ठेवली, दालनात वादकांना बसवलं. फार चांगली कल्पना होती. प्रदर्शनाचं उपशीर्षक होतं ‘प्रेम आणि फुरसतीची कला’. व्हर्जिनलवर हात बसायला लागणारी वर्षं फुरसतीत कशी मोजायची? घरातल्या मुलीला वाजवता येणं ही त्या काळी लग्नाच्या बाजारातली किंमत होती, आईबापांनी शिक्षकाला पैसे मोजून घडवून घेतलेली. पुरुषाच्या वाजवण्याला मात्र नोकरीची वाट होती: अ‍ॅमस्टरडॅमच्या औडे केर्कमध्ये स्वेलिंक ऑर्गनवादक होता, उट्रेख्टला अंध याकोब व्हान आयक घंटावादनाचा प्रमुख होता, दोघांनाही पगार मिळत होता. बाईचं तेच कसब घराच्या उंबऱ्याशी थांबलं. त्याला फुरसत म्हणणं म्हणजे तिला जे नाकारलं गेलं ते तिच्या आवडीचं म्हणून सांगणं.

राजघराण्याच्या संग्रहानं आपल्या नोंदीत त्या चित्राला ‘व्हर्जिनलपाशी स्त्री आणि एक गृहस्थ’ असं नाव दिलं आहे, आणि ते योग्य आहे. प्रकाशकांनी, कॅलेंडर छापणाऱ्यांनी, शाळेची पुस्तकं करणाऱ्यांनी आणि मराठीत चित्रकलेवर लिहिणाऱ्या आपण सगळ्यांनी ते उचलावं. जुनी चित्रं झाकून ठेवा किंवा काढून टाका असं मी म्हणत नाही. फलकावर एक ओळ जास्त लिहा: हे वाद्य कोणतं, ते शिकायला काय लागतं, या बाईला ते कुठे वाजवता येत होतं आणि कुठे नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंनी जमवलेली युरोपीय चित्रं आहेत, तिथे मुलांचे गट येतात; त्यांना चित्र दाखवणाऱ्या माणसानंही कोण कुणाकडे पाहतंय याच्या आधी कोण काय करतंय हे विचारावं.

आणि बरोक संगीताच्या, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपीय संगीताच्या, मैफिलींचे, ध्वनिमुद्रिकांचे आयोजक, जे मुखपृष्ठावर व्हर्मीरची बाई छापतात आणि आत फक्त पुरुषांच्या रचना वाजवतात, त्यांनी ती सवय मोडावी. स्ट्रोझ्झीची गीतं छापलेली आहेत. लिओनोरा दुआर्तेच्या सातही सिन्फोनिया उपलब्ध आहेत, छोट्या आहेत, आणि पाच व्हायोलवादक युरोपच्या कुठल्याही मोठ्या शहरात जमतात. पुढच्या वेळी व्हर्मीरचं प्रदर्शन भरेल तेव्हा कार्यक्रमपत्रिकेवर तिचं नाव घालायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.